मित्सुएने पुसलेले खोगीर

मी एक जुने खोगीर आहे आणि मला काळजी करण्याची सवय आहे. मित्रांनो, ही सवय आजची नाही. पहिल्यांदा मला वजनकाट्यावर ठेवले, त्या दिवशी ती लागली. आता मी मिझुसावा नावाच्या गावातल्या एका लहान घरात दाराजवळच्या खुंटीवर असते. मला कोणी घोड्यावर चढवत नाही. तरी सकाळी घरातून आवाज आला नाही की मी घाबरते, आणि आवाज आला की तो कसला आहे म्हणून घाबरते.

मला उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या एका म्हाताऱ्या कारागिराने बनवले. त्याने चांगले जाड कातडे निवडले, आतून लोकरीचा नमदा लावला, दुहेरी टाके घातले. शेवटी मला हातावर तोलले आणि स्वतःशीच म्हणाला, "जड झालं."

शर्यतीच्या खोगिराला जड म्हणणे म्हणजे शाळेतल्या मुलाला ढ म्हणण्यासारखे आहे. जॉकींना, म्हणजे शर्यतीत घोडा पळवणाऱ्यांना, हलके खोगीर हवे असते. ते येत, मला उचलत आणि परत ठेवून देत. माझ्या शेजारची खोगिरे विकली गेली, त्यांच्या जागी नवी आली, तीही गेली. मी तिथेच. माझ्यावर धूळ बसली. आपण कोणाच्याच कामाचे नाही, असे मला वाटू लागले होते.

मग एक दिवस एक जोडपे त्या कारागिराच्या दुकानात आले. नवरा इतका बारीक आणि बुटका की कारागिराने आधी त्याला एखाद्या गिऱ्हाइकाचा मुलगाच समजले. त्याचे नाव सोएजिमा तामोत्सु. तो मिझुसावाच्या मैदानावरचा जॉकी होता. त्याची बायको मित्सुए त्याच्याहून बोटभर उंच होती.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक घोड्याने पाठीवर किती वजन न्यायचे ते आधी ठरलेले असते. जॉकी आणि खोगीर मिळून ते भरले नाही, तर शिशाच्या पट्ट्या घालून भरावे लागते. तामोत्सुला नेहमीच खूप शिसे घालावे लागे.

मित्सुएने मला मांडीवर घेतले, उलटे केले, टाक्यांवरून अंगठा फिरवला. ती तबेल्यातच वाढलेली होती, तिचे वडील घोड्यांची निगा राखत. ती म्हणाली, "अहो, हेच घ्या. शिसं नुसतं मेल्यासारखं पडून असतं. हे निदान तुमच्याबरोबर हलेल तरी."

"जड आहे गं."

"तुम्ही हलके आहात. दोघांचं जमेल."

असे मी त्यांच्या घरी आले.

मिझुसावाच्या मैदानावर मित्सुए त्याची मदतनीस होती. जॉकीची खोगिरे तयार ठेवणे, शिसे मोजून घालणे, बूट पुसणे, पट्टे तपासणे ही सगळी कामे ती करायची. शर्यतीआधी तामोत्सु मला हातात धरून काट्यावर उभा राही. शर्यत संपली की तो स्वतः मला घोड्यावरून उतरवी आणि पुन्हा काट्यावर उभा राही. त्या मधल्या वेळात मला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. वजन कमी भरले तर जिंकलेली शर्यतही जाई. मला दर वेळी वाटे, एखादी पट्टी वाटेत पडली असेल का? उन्हाने माझे कातडे वाळून हलके तर झाले नसेल? काटा थांबेपर्यंत मला काही सुचत नसे.

काट्याच्या पलीकडे मित्सुए उभी असायची. वजन बरोबर भरले की तामोत्सु मला तिच्या हातात देई. ती मला आधी छातीशी धरायची आणि मग विचारायची, "कितवे आलात?"

हो, ती विचारायची. कारण तिने शर्यत पाहिलेली नसायची. नवऱ्याची शर्यत चालू असताना ती खोगिरांच्या खोलीत मैदानाकडे पाठ करून बसे आणि काही ना काही पुसत राही. बाहेर लोक ओरडत. ते ओरडणे मध्येच थांबले की तिचा हात थांबे. पुन्हा सुरू झाले की तिचा हात सुरू होई. जो जॉकी त्या भागात सगळ्यात जास्त जिंकला, त्याची एकही शर्यत त्याच्या बायकोने डोळ्यांनी पाहिली नाही.

आणि तो खरोखर खूप जिंकला. तो घोड्याला फारसे मारत नसे. माझ्यावरचे त्याचे वजन कधी पुढे, कधी मागे, इतके हळू सरके की मलाही उशिरा कळे. घोड्याला मात्र लगेच कळे. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला चेरीची झाडे होती. ती ओलांडली की तो घोड्याच्या कानाशी काहीतरी बोले आणि मग माझ्याखालची पाठ लांब होत जाई. त्याचे कपडे निळे, त्यावर पांढरे पट्टे. कुंपणाजवळ रोजचे म्हातारे कानावर पेन्सिल खोचून उभे असत. तो मागे पडला की ओरडत, "अरे सोएजिमा, झोपलास का वर? उशी देऊ का?" आणि तो जिंकला की तेच म्हातारे एकमेकांना सांगत, "मी सकाळीच म्हणालो होतो की नाही!" असे म्हणणाऱ्याने पैसे मात्र दुसऱ्याच घोड्यावर लावलेले असत.

माझेही कौतुक झाले. हलकी, नव्या तऱ्हेची, रबरासारख्या कापडाची खोगिरे आली. बाकीच्यांनी ती घेतली. पण लोक म्हणत, "सोएजिमाचं ते जुनं खोगीर शकुनाचं आहे." शकुन वगैरे काही नव्हते. मला दर संध्याकाळी कोणीतरी नीट पुसत होते, एवढेच. मित्सुए आधी मला उलटे करायची. घोड्याचा घाम खालच्या शिवणीत मुरतो आणि तिथेच कातडे कुजते. ती कोमट पाण्यात फडके पिळून ती शिवण जोर लावून पुसायची, वाळू द्यायची, मग तेल लावायची. वरची बाजू शेवटी. "वरून काय, कोणीही चमकवेल," असे ती म्हणायची.

मित्रांनो, दोघेही चांगली माणसे होती, पण दोघांना एक वाईट खोड होती. ती त्यांना त्यांच्या कामाने लावली.

तामोत्सु दुखणे लपवायचा. एकदा सकाळच्या सरावात घोड्याने त्याला कुंपणावर दाबले. त्याची बरगडी चिरली. डॉक्टरला कळले असते तर त्याला शर्यतीत उतरू दिले नसते, म्हणून तो बोललाच नाही. मला कळले, कारण त्या आठवड्यात तो माझ्यावर डावीकडे कलून बसत होता. मित्सुएला कळले, कारण तो बूट घालताना शिटी वाजवत होता.

"तुम्ही शिटी कधीपासून वाजवायला लागलात?"

"आनंद झालाय म्हणून."

"कसला?"

त्याने दुसरा बूट ओढला आणि पुन्हा शिटी वाजवली.

आणि मित्सुए काळजी लपवायची. त्याचे असे की, आमच्याकडे शर्यतींची फेरी तीन दिवस चालते. फेरीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या जॉकींना मैदानाजवळच्या एका इमारतीत जावे लागते. दारातच फोन काढून द्यायचा. फेरी संपेपर्यंत बाहेरच्या माणसांशी बोलणे नाही, बाहेरची बातमी नाही. कोणी घोड्यांची आतली माहिती बाहेर पोचवू नये म्हणून हा नियम आहे. मैदानावर मदतनिसांशी खोगीर, शिसे, बूट एवढेच बोलायचे.

यामुळे तबेल्याच्या वस्तीतल्या बायकांची एक रीत पडली होती. आत जाणाऱ्याच्या कानावर घरचे दुखणे घालायचे नाही. तो घोड्यावर बसणार, त्याचे डोके मोकळे हवे. छप्पर गळो, पोराला ताप येवो, सासू घसरून पडो, सगळे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगायचे. मित्सुए या रीतीची पक्की. त्यांची मुलगी चिहारु शाळेत असताना तिचे अपेंडिक्स कापावे लागले. बापाला ते कळले तेव्हा पोरगी हॉस्पिटलात सफरचंद खात बसली होती. तो मित्सुएला म्हणाला, "बरं केलंस, आधी सांगितलं नाहीस."

हे वाक्य त्याने बोलायला नको होते, असे मला आजही वाटते.

वर्षे गेली. चिहारु मोठी होऊन सेंदाई शहरात नोकरीला गेली. तामोत्सुचे केस पांढरे झाले. त्याच्याबरोबरचे बहुतेक जॉकी थांबले. त्याचा जुना प्रतिस्पर्धी ओइकावा पोट सुटल्यामुळे जॉकीचे काम सोडून मदतनीस झाला होता. किरिउ नावाचा एक तरणा जॉकी आला, तो तोंडाचा फटकळ होता. काट्यापाशी तो तामोत्सुला म्हणायचा, "दादा, तुमचं वजन करायचं की वय?" तामोत्सु म्हणायचा, "दोन्ही कर. तुझ्या अकलेचं करायला मात्र लहान काटा लागेल."

एका उन्हाळ्यात मला पहिल्यांदा खटकले. मित्सुएने मला पुसताना उलटे केले नाही.

दमली असेल, असे मी स्वतःला सांगितले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. ती मला टेबलावर ठेवायची, वरून फडके फिरवायची, मध्येच थांबून खुर्चीवर बसायची. एक हात पोटावर असायचा. कधी माझ्यावर गाल टेकून डोळे मिटून घ्यायची. तिचा श्वास मला लागे, तो पूर्वीसारखा नव्हता. पूर्वी ती मला एका हाताने फळीवर टाकायची. आता पहिल्यांदा उचलून तिने मला परत टेबलावर ठेवले आणि दम घेऊन दुसऱ्यांदा वर चढवले. मग माझ्यावर थोपटून हसत म्हणाली, "कोणाला बोलू नकोस हं."

मित्रांनो, मी बोलणार कसे? मला जीभ नाही. मला फक्त पट्टे आहेत. मी रोज ठरवायचे की आज माझा पट्टा कडक होऊ दे, आज माझी कडी अडकू दे, म्हणजे तामोत्सु तिला विचारेल. पण ती मला वरून चमकवून त्याच्या हातात द्यायची आणि तो "आलोच" म्हणून निघून जायचा. माझ्या खालच्या शिवणीत घाम मुरत होता, वाळून पांढरा होत होता. मला त्या शिवणीची फिकीर नव्हती. तिच्या हातातले बळ कुठे चालले आहे, हीच मला भीती होती.

शरद ऋतूतली मोठी शर्यत आली. तामोत्सुचा घोडा होता तेत्सुबिन. तेत्सुबिन म्हणजे आमच्याकडची बिडाची किटली. घोडा तसाच काळा होता आणि रागावला की तसाच वाफा सोडायचा. तामोत्सुने त्याला लहानपणापासून शिकवले होते. त्या वर्षी तो जिंकेल, असे कुंपणाजवळचे म्हातारेसुद्धा म्हणत होते आणि या वेळी पैसेही त्याच्यावरच लावणार होते.

शनिवारी संध्याकाळी मित्सुए नवऱ्याला त्या इमारतीच्या दारापर्यंत सोडायला आली. ती नेहमी म्हणे तेच म्हणाली, "पडू नका." तो नेहमी म्हणे तेच म्हणाला, "पडलो तर उठेन." तो आत गेला. ती फाटकाला धरून उभी राहिली. ती बराच वेळ का उभी आहे हे त्याने वळून पाहिले नाही, कारण वळून पाहायची सवयच नव्हती. मला तिने खोगिरांच्या खोलीत नेऊन ठेवले आणि दिवा मालवला.

रविवारी ती आली नाही. तिच्या जागी ओइकावा आला. तामोत्सुने विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर्दी झालीय. तुला लागू नये म्हणून घरी थांबलीय." तामोत्सुला ते पटले. त्या दिवशी त्याने दुसरी, हलकी खोगिरे वापरली. मी फळीवर होते. मला ते पटले नाही.

सोमवारी सकाळी तो मला घ्यायला आला. तेत्सुबिनला जास्त वजन न्यायचे होते, म्हणून माझी पाळी होती. ओइकावा शिसे मोजत होता. त्याची बोटे जाड, पट्ट्या खाली पडत होत्या.

"तू घोड्यावरून पडायचास तसंच शिसं पाडतोस," तामोत्सु म्हणाला.

"गप रे. तुझ्या बायकोची सर येणार नाही मला."

तामोत्सुने मला उचलले. पोटपट्टा जिथे माझ्या खाली जोडलेला आहे, तिथे काहीतरी करकरले. त्याने मला उलटे केले. किती दिवसांनी कोणीतरी मला उलटे केले! शिवणीवर वाळलेल्या घामाचे पांढरे पापुद्रे होते. त्याने नखाने एक खरवडला. खाली दुसरा होता. त्याने बोट शिवणीवरून टोकापर्यंत नेले आणि तो तसाच थांबला.

"हे रविवारचं नाही," तो म्हणाला.

ओइकावा पट्ट्या मोजत राहिला.

"हे कित्येक आठवड्यांचं आहे. ओइकावा, मित्सुए मला मळकं खोगीर देईल का?"

"अरे, थकली असेल—"

"सर्दी म्हणालास."

"सर्दीने माणूस थकतो."

"माझ्याकडे बघून सांग."

ओइकावा जॉकी असतानाही फसवाफसवीत कच्चा होता. त्याने वर पाहिले आणि त्याचे तोंड वाकडे झाले. "वहिनींनी मला शपथ घातलीय."

"तोड."

"तामो, मोठी शर्यत आहे आज."

"तोड म्हणतो ना!"

तेव्हा ओइकावाने सांगितले. मित्सुएच्या पोटात गाठ होती. उन्हाळ्यापासून तिला माहीत होते. आज दुपारी तिचे ऑपरेशन होते. तारीख तिनेच मागून घेतली होती, नवरा आत असेल तेव्हाची. "त्या म्हणाल्या, ते बाहेर येतील तोवर सगळं आटपलेलं असेल. त्यांना एकदम बरी झालेलीच दाखवा मला."

"आणि बरी झाली नाही तर?"

ओइकावाने मोजणे थांबवले. शिशाची शेवटची पट्टी त्याने हातातच ठेवली.

तेवढ्यात किरिउ आत आला आणि नेहमीप्रमाणे सुरू झाला. "काय दादा, आज जिंकून निवृत्त होताय ना? आमच्यासाठी थोडी जागा सोडा!" मग त्याने तामोत्सुचा चेहरा पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली.

मी तामोत्सुच्या हातात होते. इतक्या वर्षांत त्याने आपणहून एकही शर्यत सोडली नव्हती. चिरलेल्या बरगडीने सोडली नव्हती. आणि फेरी चालू असताना एकदा बाहेर पडले की त्या फेरीत परत आत येता येत नाही. तेत्सुबिनचे पुढच्या वर्षी वय वाढणार होते, तामोत्सुचेही. हे सगळे त्याच्या मनात येऊन गेले असेल. मला एवढेच कळले की तो चालू लागला तो काट्याकडे नाही, पंचांच्या खोलीकडे.

पंचांनी ऐकून घेतले आणि लगेच परवानगी दिली. तेत्सुबिनचा ट्रेनर म्हातारा होता, त्याला हे ऐकून खुर्चीवर बसावे लागले. तो एवढेच म्हणाला, "मग उभा का आहेस? जा की." घोडा किरिउला मिळाला. दारातून बाहेर पडता पडता तामोत्सु त्याला म्हणाला, "शेवटच्या वळणाआधी त्याला जोरात पळायला उठवू नकोस. चिडतो."

"वहिनींना माझा नमस्कार सांगा, दादा," किरिउ म्हणाला. मी त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकले नव्हते.

ओइकावाच्या छोट्या ट्रकमध्ये आम्ही निघालो. बसल्यावर तामोत्सुच्या लक्षात आले की अंगावर शर्यतीचे निळे कपडे आहेत आणि मी त्याच्या मांडीवर आहे. मला ठेवायचेच राहून गेले होते. हॉस्पिटल नदीच्या पलीकडे होते. पुलाच्या आधी सफरचंदांनी भरलेली एक गाडी आमच्या पुढे आली. हळूहळू चालली होती, कारण सफरचंदांना डाग पडून चालत नाही.

"वाजव ना हॉर्न!"

"वाजवला. म्हातारा बहिरा आहे वाटतं."

"बाजूने काढ."

"पुलावर? तू घोडा समजतोस का याला?"

तामोत्सु माझा पट्टा हाताभोवती गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. मी जन्मभर पळणाऱ्या पाठींवर होते, पण त्या पुलाइतके लांब अंतर मला कधी वाटले नाही. दुपार म्हणजे किती वाजता, हे ओइकावाला माहीत नव्हते. तिला नेले असेल तर? ती डोळे मिटून पडली असेल आणि तिला कळलेच नाही की तो आला, तर? तामोत्सु एकदाच बोलला. म्हणाला, "शनिवारी तिला फाटकापाशीच सोडलं. मी वळून पाहिलं नाही."

हॉस्पिटलच्या दारात नर्सने आम्हाला अडवले.

"अहो आजोबा, हे काय आणलंय आत? घोड्याचं आहे का?"

"माझी बायको. सोएजिमा मित्सुए. ऑपरेशन आहे."

"ते ठीक आहे, पण हे बाहेर ठेवा."

"तिला नेलं का?"

नर्सने त्याच्या निळ्या कपड्यांकडे, बुटांकडे, माझ्याकडे पाहिले. "आता नेतायत. पळा. डावीकडे."

तो पळाला, मला घेऊनच. जन्मभर घोडे पळवले त्याने, स्वतः पळताना मात्र तो बदकासारखा दिसत होता.

मित्सुए चाकांच्या पलंगावर होती. डोक्याला कागदी टोपी. लिफ्टचे दार उघडे होते. तिने त्याला पाहिले आणि तिचा चेहरा आधी रागावला.

"शर्यत सोडून आलात?"

"हो."

"तेत्सुबिन?"

"किरिउला दिला."

"त्या पोराला? तो वळणाच्या आधीच उठवेल त्याला!" मग तिची नजर माझ्यावर गेली. "आणि हे कशाला आणलंत? मला बसवून पळवून नेणार आहात का?"

तो हसला नाही. त्याने मला उलटे करून तिला दाखवले. ती पांढरी शिवण. तिने पाहिले आणि डोळे मिटले.

"तेवढं जमेना हो," ती म्हणाली. "उलटं करायला जोर लागतो."

"मला सांगायचंस."

"तुम्हाला आत जायचं असायचं."

"दर वेळी नसायचं. मंगळवारी संध्याकाळी बाहेर यायचो ना मी? तेव्हा का नाही सांगितलंस?"

तिने डोक्यावरची कागदी टोपी सरळ केली. म्हणाली, "सवय झाली होती." आणि मग, पहिल्यांदाच, "मला भीती वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला. त्याने तिचा हात धरला. लिफ्टचे दार बंद होईपर्यंत धरला.

तिच्या शुद्धीवर येण्याची वाट बघत तो बाकावर बसला होता, मी त्याच्या शेजारी. ओइकावा मैदानावरची बातमी घेऊन आला. मित्सुएने डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला, "तेत्सुबिन?"

"तिसरा."

"तुम्ही असता तर?"

"चौथा."

ती हसली आणि टाके दुखले म्हणून लगेच कळवळली.

मित्रांनो, मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. डॉक्टरांना सगळी गाठ काढता आली नाही. उशीर झाला होता. पण त्यांना तो हिवाळा मिळाला. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फामुळे शर्यती बंद असतात. तामोत्सु घरीच होता. तो तिच्यासाठी कणकेचे तुकडे तोडून घातलेले गरम सूप करायचा, तुकडे जाड व्हायचे आणि ती नावे ठेवत खायची. तिने अंथरुणावरून त्याला मला पुसायला शिकवले. "फडकं पिळा आधी. सूप करताय का त्याचं?" ती ओरडायची. त्याने तिला आजवर लपवलेली सगळी दुखणी सांगितली. त्यातली निम्मी तिला आधीच माहीत होती. तिने त्याला आजवर लपवलेल्या सगळ्या काळज्या सांगितल्या. त्यातली एकही त्याला माहीत नव्हती. चिहारु सुट्टी काढून येऊन राहायची. त्या घरात इतके बोलणे मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

चेरी फुलायच्या थोडे आधी मित्सुए गेली. तिचा हात त्याच्या हातात होता.

वसंतात शर्यती सुरू झाल्या तेव्हा लोकांना वाटले, तो येणार नाही. तो आला. आदल्या संध्याकाळी सगळे जॉकी त्या इमारतीच्या दाराशी जमले होते, फोन काढून देत होते. तामोत्सु दारात आडवा उभा राहिला.

"फोन देण्याआधी घरी लावा," तो म्हणाला. "विचारा, काय लपवते आहेस?"

किरिउचे नुकतेच लग्न झाले होते. तो म्हणाला, "दादा, ती उलट मलाच विचारेल, तू काय लपवतोयस!"

"मग ते सांग आणि आत जा."

कोणी हसले, कोणी नाही. पण एकेकाने बाजूला जाऊन फोन लावला. किरिउचा फोन सगळ्यात लांबला. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो त्या फेरीला आत गेला नाही. त्याच्या घरात काय होते ते मला माहीत नाही. पुढच्या फेरीला तो आला आणि मला काट्यावर पाहून त्याने मला थोपटले.

तामोत्सु आणखी काही वर्षे शर्यतीत उतरला. जिंकलाही. काट्याच्या पलीकडे आता ओइकावा उभा असायचा. तामोत्सु मला त्याच्याकडे न देता स्वतःच खोलीत न्यायचा. शेवटच्या शर्यतीच्या दिवशी म्हाताऱ्यांनी कुंपणावर त्याच्या नावाचे मोठे कापड लावले होते, आणि ते खरेच रडत होते. मग आम्ही दोघे घरी आलो. माझ्या कातड्याला भेगा पडल्या आहेत. तो रोज तेल लावतो, जरा जास्तच लावतो.

आता माझी आजची काळजी सांगते. म्हणूनच मी इतके बोलले.

या थंडीपासून तामोत्सु मला डाव्या हाताने उतरवतो. उजवा हात तो खांद्याच्या वर नेत नाही. मला पुसता पुसता तो मध्येच थांबतो, टेबल धरतो आणि छातीवर हात ठेवतो. मग शिटी वाजवतो. रविवारी सेंदाईहून चिहारुचा फोन येतो. ती विचारते, "बाबा, कसे आहात?" तो म्हणतो, "ठणठणीत." ती म्हणते, "बरं." मग दोघे हवेपाण्याचे बोलतात आणि फोन ठेवतात.

ज्याने सगळ्या जॉकींना दारात अडवले, त्याला अडवणारे आता घरात कोणी नाही.

मी खुंटीवरून हे पाहते. मला जीभ नाही. पण मित्रांनो, तुम्हाला आहे. तुमच्याही घरी कोणीतरी "ठणठणीत" म्हणत असेल. आजी असेल, वडील असतील, शेजारचे काका असतील. त्यांचे पहिले उत्तर ऐकून फोन ठेवू नका. जरा थांबा आणि पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारले की माणसाला खोटे बोलणे जड जाते, हे मी पाहिले आहे.

उद्या रविवार आहे. फोन वाजेल. चिहारु, बाळ, "बरं" म्हणू नकोस.